बाबांचं रद्द झालेलं वर्ष

"आमचं वर्ष लागलं का गं भिंतीवर?" बाबांचा पुन्हा फोन. सकाळपासून हेच चाललंय.

"नाही लागलं. शिडीवर आहे मी. ठेवा आता."

प्रदर्शनं लावून देणं हा माझा धंदा. यंदा काम मिळालं फुटबॉल महासंघाचं. आसपासच्या देशांच्या कुमार संघांची जी स्पर्धा होते, तिचा पहिल्यापासूनचा इतिहास एका लांब भिंतीवर मांडायचा. हे मी घरी सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण बाबा तरुणपणी आपल्या कुमार संघाचे गोलकीपर. अंतिम सामन्यातली शेवटची पेनल्टी त्यांनी अडवली आणि आपण जिंकलो. पेनल्टी मारणाऱ्या पोराच्या डोळ्यांत कसं पाहिलं, उजवीकडे कसे झेपावले, हे आईलासुद्धा झोपेत पाठ आहे.

पण ते वर्षच इतिहासात नाही. स्पर्धा संपल्यावर कळलं, की भलत्याच एका संघात निम्मे बाप्ये खेळून गेले होते. महासंघाने डोकं खाजवलं आणि अख्खी स्पर्धाच रद्द केली. एकाच्या मिशीपायी सगळ्यांची हजामत. पदकंही परत मागवली.

सचिवांच्या मी किती विनवण्या केल्या.

"न झालेल्या स्पर्धेचा फोटो कसा लावणार, मॅडम?"

"झाली होती हो. ती पेनल्टी अडवताना मोडलेली माझ्या वडिलांची करंगळी अजून वाकडी आहे."

"अधिकृतपणे झाली नाही."

यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं, आणि भिंत तर माझ्याकडे होतीच. बाबांसाठी मोठा करून आणलेला फोटो मी वैतागून शिडीमागे सारला. फटक्याच्या आधीचा क्षण होता तो. गोलात वाकलेले बाबा आणि समोर चेंडू ठेवणारा शेजारच्या देशाचा पोरगा.

उद्घाटनाला सगळ्या देशांतले जुने खेळाडू बोलावले होते. बाबा कोट चढवून आले.

"बाबा, आज तमाशा नको हं."

"मी कधी तमाशा केलाय?"

ते एकेक वर्ष बघत पुढे सरकले आणि मी त्यांच्या मागोमाग. त्यांच्या वर्षाच्या जागी आलो तर तिथे आधीच एक म्हातारे काठी टेकून उभे. दोन तक्त्यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "मधलं वर्ष कुठाय?"

मी आधीच कावलेली. "ते धरत नाहीत, काका."

"धरत नाहीत?" त्यांचा आवाज चढला. "मग मला शिव्या कशाबद्दल घातल्या? शेवटची पेनल्टी माझी होती. बापाने वर्षभर माझं तोंड बघितलं नाही. गावात अजून मला 'हुकलेला' म्हणतात. स्पर्धा झालीच नाही, तर मी हुकलो कशात?"

बाबा पुढे झाले. आता ते डोळे, ती उजवीकडची झेप सुरू होणार, असं वाटून मी त्यांची बाही ओढली. त्यांनी माझा हात झटकला.

"फटका चांगला होता तुमचा," बाबा म्हणाले. "मी चुकीच्या बाजूला उडी मारली. चेंडू जाता जाता पायाला लागला."

म्हातारे त्यांच्याकडे बघतच राहिले. "पायाला?"

"टाचेला."

"आणि करंगळी?" मी विचारलं.

"ती बसच्या दारात," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

म्हातारे खुर्ची ओढून बसले. डोळे पुसत होते की हसत होते, कळेना. मला बाबांचा भयंकर राग आला आणि रडूही. मी सरळ जाऊन शिडीमागचा फोटो काढला, दोन्ही तक्ते सरकवले आणि हातोडी घेतली.

सचिव धावत आले. "मॅडम, ते वर्ष यादीत नाही."

"नसू दे. त्या दोघांना जाऊन सांगा, तुम्ही खेळलाच नाहीत म्हणून."

सचिवांनी तिकडे पाहिलं. म्हातारे विचारत होते, "कुठली टाच?" आणि बाबा भर हॉलमध्ये बूट काढून मोजा खाली करत होते.

सचिव गेले नाहीत. "खिळा तेवढा सरळ ठोका," म्हणाले आणि शिडी धरून उभे राहिले.