भरलेला फळा

सकाळचा उजेड आमच्या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीचे गज काळ्याचे राखाडी होतात. मग समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीआडून सूर्य हळूहळू वर सरकतो आणि एक फिकट पिवळी पट्टी फरशीवर येऊन पडते. काही वेळ ती तिथेच असते, जणू आत यावे की नाही याचा विचार करीत. मग टेबलाच्या पायाशी किंचित मोडते, खुर्चीच्या पाठीवर चढते, भिंतीच्या सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्यांना एवढ्याएवढ्या सावल्या देते आणि शेवटी माझ्यापर्यंत पोहोचते. पहिल्या ओळीतली पहिली किल्ली उजळते, मग दुसरी, मग तिसरी. त्या उजेडात विशेष काही नसते. तो शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातही पडतो आणि पलीकडच्या बंद गॅरेजच्या पत्र्यावरही. पण तो शेवटच्या ओळीत उतरेपर्यंत पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात माझा एकही हूक रिकामा नसतो. सकाळभरात माझ्या जिवाला स्वस्थता असते ती तेवढीच.

मित्रांनो, मी एका संस्थेच्या भिंतीवरचा किल्ल्यांचा फळा आहे. वयाने जुना, रंगाने तपकिरी आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, भित्रा.

माझा जन्म एका मोडीत निघालेल्या कपाटाच्या दारातून झाला. सुतारकाकांनी मला रंधा मारला, कडा घासल्या आणि चार ओळींत सहा-सहा पितळी हूक बसवले. ते काम करीत असताना संस्था सुरू करणाऱ्या मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या आणि उभे राहूनच बोलायची त्यांना सवय होती.

"चोवीस हूक?" सुतारकाका म्हणाले. "बाई, एवढी एकटी राहणारी म्हातारी माणसं आणायची कुठून?"

"आणायला कशाला लागतात? आहेतच," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि कमी पडलीच, तर तुम्हीही काही तरुण होत नाही आहात."

सुतारकाका इतके हसले की एक हूक तिरका बसला. तो आजही तिरकाच आहे.

आमच्या संस्थेचे काम सांगायला सोपे आहे. या वस्तीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी आपल्या घराची एक जादा किल्ली संस्थेकडे द्यायची. रोज सकाळी आठला स्वयंसेवक येतात, आपापली किल्ली घेतात आणि त्या घरी जातात. बेल वाजवायची, दार उघडण्याची वाट पाहायची, दोन शब्द बोलायचे, गोळ्या घेतल्या का ते विचारायचे, एखादा गेलेला दिवा बदलून द्यायचा. दार उघडले नाही, तरच किल्ली लावायची. मग किल्ली परत आणून माझ्यावर अडकवायची. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा गोल बिल्ला आणि त्यावर फक्त क्रमांक. नाव नाही, पत्ता नाही; किल्ली वाटेत हरवली तर भलत्याच्या हाती घर लागू नये म्हणून.

दुपारी साडेबाराला मोठ्या बाई माझ्यासमोर उभ्या राहत. एकेका किल्लीवरून बोट फिरवीत आणि शेवटच्या किल्लीशी पोहोचल्या की म्हणत, "भरला." तो एक शब्द ऐकण्यासाठी मी सकाळपासून जीव मुठीत धरून असे. कारण रिकामा हूक म्हणजे काय, हे मला फार लवकर कळले होते. रिकामा हूक म्हणजे अजून न आलेले माणूस. कुणाच्या तरी दारात काहीतरी झाले असेल, म्हणून अजून न आलेले माणूस.

एकदा अकरा क्रमांकाची किल्ली एक वाजला तरी आली नाही. मोठ्या बाई चपला न घालताच धावल्या. अर्ध्या तासाने परत आल्या त्या टपालकाकांना पुढे घालून. टपालकाका म्हणजे आमचे सर्वांत जुने स्वयंसेवक. जन्मभर पत्रे वाटलेले.

"पत्ते खेळत बसले होते!" मोठ्या बाई हुकाकडे बोट दाखवीत म्हणाल्या. "इथे माझा जीव टांगणीला आणि हे दोघं पत्ते पिसतायत!"

"हरत होतो हो बाई," टपालकाका खाली मान घालून म्हणाले. "हरताना उठणं बरं दिसत नाही."

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. तो एक तास माझ्या अंगात कायमचा राहून गेला. त्या दिवसापासून रिकामा हूक मला सोसेनासा झाला.

नऊ क्रमांकाची किल्ली आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. शाळांचे गणवेश शिवून सगळे आयुष्य काढलेल्या एक आजी जिना चढून धापा टाकीत आल्या आणि किल्ली टेबलावर आपटून म्हणाल्या, "ही घ्या. मला कोणाची गरज नाही. पण या बाई रोज दारात उभ्या राहतात, शेजारणींना वाटतं मी कोणाचं तरी काहीतरी बुडवलंय."

"बरं झालं दिलीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"किल्ली दिली म्हणजे घर दिलं असं समजू नका. बेल तीनदा वाजवायची. गुडघे वाजतात माझे, उठायला वेळ लागतो. मेली समजून घुसू नका लगेच."

"मी जाईन तुमच्याकडे," टपालकाका म्हणाले. "चाळीस वर्षं बेला वाजवल्यात."

"म्हणजे पत्र आणणार?"

"नाही हो, नुसताच येणार."

"मग कशाला येता?" आजी म्हणाल्या, पण जिना उतरताना थांबून त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "आठला की साडेआठला?"

पुढे सात वर्षे टपालकाका रोज साडेआठला तीन बेला देत राहिले. परत आले की नऊची किल्ली अडकवताना काहीतरी सांगत. आज आजींनी बटण लावून दिले. आज आजी चिडल्या होत्या. आज आजींनी विचारले, तुमच्या मागे कोण आहे का हो बघायला?

पण मित्रांनो, संस्था काही भिंतींवर उभी नसते. ती सकाळी आठला जिना चढणाऱ्या पायांवर उभी असते, आणि ते पाय हळूहळू कमी झाले. कोणी दुसऱ्या गावी गेले, कोणाची कामाची वेळ बदलली, कोणाला नातवंडांना सांभाळायला बोलावले गेले. मोठ्या बाईंचेच गुडघे गेले आणि त्यांना मुलाने आपल्याकडे नेले. चोवीस जणांचे पंधरा झाले, पंधरांचे आठ. एकेक जण तीन-तीन किल्ल्या खिशात घालून निघू लागला.

मोठ्या बाईंच्या जागी नवे चिटणीस आले. सज्जन गृहस्थ, नोकरी सांभाळून जेवणाच्या सुटीत येत. बोट फिरवायला त्यांना वेळ नसे. साडेबाराला ते घाईघाईने आत शिरत, मोबाइलमध्ये माझा फोटो काढत, स्वयंसेवकांच्या गटावर पाठवत आणि खाली लिहीत, 'फळा भरला.' मग खोलीला कुलूप लावताना त्यांचा मोबाइल टिंग टिंग वाजत राही. अंगठ्यांची चित्रे येत. ज्यांना येणे जमले नव्हते त्यांचीही येत.

खोटे कशाला बोलू? मला ते आवडे. भिंतीवर इतकी वर्षे टांगलेल्या लाकडाकडे इतकी माणसे रोज पाहतात, हे सुख लहान नाही.

मग तो आठवडा आला. सोमवारी टपालकाका नऊची किल्ली अडकवताना औषधांच्या दुकानातल्या वहिनींना म्हणाले, "उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तीन-चार दिवस काही यायचा नाही मी. आजींकडे बघाल?"

वहिनींच्या हातात आधीच चार किल्ल्या असत. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही निवांत झोपा. मी गटावर टाकते, कोणीतरी जाईल."

त्यांनी टाकले. पाच अंगठे आले. प्रत्येक अंगठ्यामागे एक भले माणूस होते आणि प्रत्येकाला वाटले की उरलेल्या चारांपैकी कोणीतरी जाणार आहे.

मंगळवारी सकाळी किती किल्ल्या गेल्या आणि किती राहिल्या, हे मला आता नीट सांगता येणार नाही. दारातून वाराही येत होता, आणि लाकडाची नजर ती काय. साडेबाराला चिटणीस आले. फोटो काढला. फळा भरला. बुधवारीही तसेच. फोटो, अंगठे, कुलूप.

गुरुवारी वहिनींनी दहा क्रमांकाची किल्ली काढायला हात वर केला आणि त्यांच्या बोटाला काहीतरी चिकटले. कोळ्याचा एक बारीक धागा. दहाच्या हुकाजवळच्या लाकडापासून निघून तो नऊच्या बिल्ल्यापर्यंत ताणलेला होता आणि त्यावर धूळ बसली होती.

त्यांनी तो बोटावर धरला आणि कितीतरी वेळ पाहिला.

"काल नऊवर कोण गेलं होतं?" त्यांनी विचारले.

खोलीत शेजारच्या दुकानातला इस्त्रीवाला दादा होता, तोही स्वयंसेवकच. तो म्हणाला, "मी नाही. मला वाटलं, तुम्ही."

"परवा?"

त्याने नुसती मान हलवली. वहिनींनी हुकावरून नऊची किल्ली अशी ओढली की मी भिंतीवर हिंदकळलो. दोघांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मग काहीही ऐकू आले नाही.

मित्रांनो, त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते सांगणे कठीण आहे. साडेबारा झाले. चिटणीस आले नाहीत. एक झाला, दोन झाले. बातमी कळताच बाकीचे स्वयंसेवक खालूनच तिकडे वळले असावेत, कारण इतर किल्ल्या घ्यायला कोणी आलेच नव्हते; फक्त नऊचा हूक रिकामा. रस्त्यावर एखादी गाडी थांबली की वाटे, आता. जिन्यावर पाऊल वाजले की वाटे, हे वहिनींचे. पण पावले वरच्या मजल्यावर निघून जात. मी मनातल्या मनात तीन बेला मोजत होतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होतो.

संध्याकाळी वहिनी आल्या. चिटणीस मागोमाग आले. पट्टी बांधलेला एक डोळा घेऊन टपालकाकाही आले. त्यांना कोणी अडवू शकले नव्हते.

आजी जिवंत होत्या. मंगळवारी सकाळी पलंगावरून उतरताना पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. दाराजवळ सरकता येईना, आवाज दारापलीकडे जाईना. दोन दिवस आणि दोन रात्री त्या फरशीवर होत्या. हाताला लागलेली पाण्याची बाटली त्यांनी घोट घोट पुरवली होती.

"काय म्हणाल्या?" टपालकाकांनी विचारले.

वहिनींनी पदराने नाक पुसले. "म्हणाल्या, साडेआठ वाजले की कान देऊन पडायचे. बेल वाजली की ओरडायला लागेल, म्हणून आवाज राखून ठेवला होता."

मग चिटणीस अगदी लहान आवाजात म्हणाले, "पण फळा तर भरलेला होता. मी स्वतः फोटो काढला."

"भरलेलाच असणार, साहेब," टपालकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते शब्द अधिक लागले. "किल्ली कोणी नेलीच नाही, तर ती जाईल कुठे?"

चिटणीस खुर्चीवर बसले. मोबाइल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. वहिनी म्हणाल्या, चूक माझी. इस्त्रीवाला म्हणाला, माझी. टपालकाका म्हणाले, मीच सोमवारी आजींना सांगायला हवे होते की उद्या येत नाही. पण त्या चिडतील म्हणून सांगितले नाही. त्या संध्याकाळी प्रत्येकाने आपापला वाटा उचलला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्याच दिवशी सुतारकाकांचा मुलगा आला. त्याने प्रत्येक बिल्ल्याची एक बाजू लाल रंगवली. आता सकाळी सगळे बिल्ले उलटे करतात आणि घरी जाऊन आलेली किल्ली लाल बाजू पुढे करून अडकवतात. दुपारी सगळे लाल दिसले, तरच कुलूप लागते. फोटो निघत नाही. चिटणीस एकेका बिल्ल्यावरून बोट फिरवतात आणि रोज जेवणाला उशीर करून घेतात. आजी अजून इस्पितळातच आहेत. टपालकाका रोज साडेआठला त्यांच्या खाटेशी जातात आणि तिथे बेल नाही म्हणून लोखंडी कठड्यावर तीनदा टिचकी मारतात.

पण पाय अजूनही कमीच आहेत. मित्रांनो, तुमच्या वस्तीतही अशी एखादी खोली असेल. तिथे जिना असेल, भिंतीवर माझ्यासारखे काहीतरी असेल. आई-बाबांना, ताईला, दादाला घेऊन एकदा तो जिना चढा. आठवड्यातली एक सकाळ द्या. मोठे काही करावे लागत नाही. दारापर्यंत जायचे, बेल द्यायची आणि आतले माणूस उठेपर्यंत थांबायचे. आणि जमणार नसेल, तर जमणार नाही असे मोठ्याने सांगा. अंगठा दाखवून गप्प बसू नका.

एवढे सांगून मी थांबायला हवे. पण मघाशी मी तुम्हाला म्हणालो की त्या मंगळवारचे मला नीट सांगता येणार नाही. वाऱ्याचे निमित्त सांगितले, लाकडाच्या नजरेचे सांगितले.

मंगळवारी नऊची किल्ली जागची हलली नाही. बुधवारीही हलली नाही. दोन्ही दिवस मी तिच्याकडे पाहत होतो, आणि एक हूक तरी रिकामा झाला नाही म्हणून मला बरे वाटत होते.