तीन म्हणजे तीन

"शनिवारी, तीन वाजता. सहकुटुंब यायचं," असं म्हणून ज्ञानेश्वर सबनीसांनी यतीनच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि वर फुटबॉलची दोन तिकिटं ठेवली. लीलावतीबाईंनी दारातच आसावरीला हळदकुंकू लावलं. यतीन-आसावरी पुण्याहून स्लाऊला येऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नाचं बोलावणं असेल अशा समजुतीनं आसावरीनं वाकून नमस्कार केला, आणि मग तिकीट वाचून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"काका, फुटबॉल?"

"हॅलोफील्ड टाऊन. आमचा क्लब. तिकीट फुकट आहे, तुम्ही फक्त यायचं."

"येतो ना काका. नक्की येतो," यतीन म्हणाला.

मराठी मंडळातलं हे शेवटचंच घर होतं. दोन आठवडे सबनीस नवरा-बायको ईलिंगपासून वेम्बलीपर्यंत हिंडत होते, आणि प्रत्येक दारात हेच उत्तर मिळालं होतं. सबनीसांचा चेहरा मुलीचं लग्न ठरलेल्या बापासारखा फुलला होता. जिना उतरताना लीलावतीबाई म्हणाल्या, "अहो, अजूनही फोन करून वेळ एकची सांगा. तीन सांगितलं की आपली माणसं पाचला उगवतात."

"अगं, हे काय मंडळाचं हळदीकुंकू आहे? मॅच आहे. तीन म्हणजे तीन. इथं राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही."

फुटबॉलच्या बाबतीत या माणसाला ब्रह्मदेवानं सांगितलं तरी पटत नाही, हे बाई संसाराच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

खरं तर सबनीसांना फुटबॉल खेळता येत नव्हता, आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना आजही नीट सांगता आलं नसतं. सत्तरच्या दशकात ते स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात लागले. शनिवारची दुपार त्यांना खायला उठायची. खोलीवर बसवेना आणि रस्त्यावर फिरावं तर कुणी ना कुणी काहीतरी ओरडायचं. एका शनिवारी हॅलोफील्डच्या मैदानाशी ते नुसते घुटमळत होते. गेटवरच्या म्हाताऱ्या रॉननं हाक मारून त्यांना आत घेतलं, चहा पाजला आणि पुढच्या शनिवारी गेटवर मदतीला येशील का म्हणून विचारलं. या देशात त्यांना कुणी आपणहून 'ये' म्हणण्याची ती पहिली वेळ होती. रॉन गेला, कारखानाही बंद पडला, पण ते लोखंडी फिरतं दार, म्हणजे टर्नस्टाइल, सबनीसांकडेच राहिलं. पगार असा नव्हताच. पैसे घ्यायचे, पायाखालचा दांडा दाबायचा, दार फिरलं की माणूस आत. क्लबात त्यांना सगळे डॅन म्हणत. मंडळात ते सबनीसकाका होते. डॅनच्या माणसांनी सबनीसकाकांची माणसं कधी पाहिली नव्हती. लीलावतीबाईसुद्धा कधी मैदानावर गेल्या नव्हत्या. शनिवारी त्यांची दुकानातली ड्यूटी असायची, आणि तेवढ्यासाठी सुट्टी काढावी असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

मग २००४ साली खालच्या सगळ्या लीगची फेरमांडणी झाली. कुठल्यातरी ऑफिसात नकाशावर रेघ ओढली गेली आणि हॅलोफील्ड पश्चिमेच्या गटात जाऊन पडलं. शेजारचं ब्रूकएंड रेघेच्या पलीकडे राहिलं. ब्रूकएंड म्हणजे हॅलोफील्डचं जन्माचं वैर. त्यांच्याशी मॅच असली की अख्खा गाव लोटायचा आणि सबनीसांचा पाय दांड्यावरून निघायचा नाही. आता डेव्हन-कॉर्नवॉलकडचे संघ येऊ लागले. एवढ्या लांबून त्यांच्यामागे कोण येणार? आणि ज्यांच्याशी भांडण नाही अशांची मॅच बघायला गावातलंही कोण येणार? वैरीच गेला तेव्हा मजाही गेली. स्टँडमध्ये बाकं दिसायला लागली.

चेअरमन माणूस वाईट नव्हता. नळजोडणीच्या सामानाचा त्याचा धंदा होता आणि वर्षानुवर्षं क्लब तोच पदरमोड करून चालवत होता. तो आता थकला होता. त्यानं साफ सांगितलं की सीझनच्या शेवटच्या मॅचला तिकीट फुकट ठेवू. स्टँड भरला, तर गावाला क्लब हवा आहे असं मी समजेन आणि अजून एक वर्ष रेटीन. नाही भरला, तर क्लब ब्रूकएंडमध्ये विलीन करायचा आणि हे मैदान बंद करायचं. शाळांत, सुपरमार्केटच्या दारात गठ्ठ्यानं तिकिटं वाटली गेली. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण फुकट तिकीट खिशात राहतं आणि तिथून धुण्याच्या मशीनमध्ये जातं. सेक्रेटरी कीथला तीच धास्ती होती. तेव्हा सबनीस छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "माय पीपल विल कम, कीथ."

शनिवारी सबनीस सकाळीच गेटवर हजर झाले. एप्रिलचं छान ऊन पडलं होतं. लीलावतीबाईंनी जन्मात पहिल्यांदा मॅचसाठी सुट्टी घेतली होती. मोरपंखी साडीवर कोट घालून त्या आल्या. त्यांना आत घेताना सबनीसांनी दांडा दाबला, पण दार कसं ढकलायचं ते बाईंना कळेना. तेव्हा ते बाहेर आले, बायकोला हाताला धरून आत नेलं आणि स्टँडच्या मधोमध बसवलं. आजूबाजूच्या रांगा मंडळासाठी राखायच्या आहेत असं बजावून ते पुन्हा गेटवर गेले.

नेहमीची माणसं आली. अडीच वाजले, पावणेतीन झाले. सबनीस वाकून वाकून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. पार्किंग मिळत नसेल, जुबिली लाइनचं काहीतरी काम निघालं असेल. शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली, आणि रस्त्यावर एक कुत्रं फिरवणारी बाई तेवढी दिसत होती.

मध्यंतराला कीथ आला. काही न विचारता तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि त्यानं चहाचा कप पुढे केला. चेअरमन मध्यंतर होईपर्यंत स्टँडकडे बघत उभा होता, असं त्यानं हळूच सांगितलं. नंतर तो आत बारमध्ये गेला, ब्रूकएंडची माणसं तिथं थांबलीच होती, आणि त्यांनी हात मिळवले. सबनीसांनी मान हलवली. स्टँडमध्ये मोरपंखी साडी एकटीच दिसत होती. राखलेल्या जागांवर कुणी चुकून बसू नये म्हणून बाईंनी एका बाजूला कोट पसरला होता, दुसऱ्या बाजूला पर्स ठेवली होती. तिथं बसायला मात्र कुणी येतच नव्हतं.

सबनीसांना क्लब बंद होण्याचं दुःख झालंच. त्याहून मोठं दुःख हे होतं की कीथ त्यांच्याशी फार मऊ बोलत होता. मंडळातलं प्रत्येक दार त्यांना आठवत होतं, प्रत्येक दारातलं ते 'नक्की' आठवत होतं. यांच्या घरच्या बारशाला, साठीला, मयताला मी गेलो नाही असं एकदा तरी झालं का? आयुष्यात एकदाच काही मागितलं. त्यांचं काळीज अगदी तुटलं.

मॅच बरोबरीत सुटली. शेवटची शिट्टी झाल्यावर चेअरमननं स्वतः लाउडस्पीकरवरून विलीनीकरण जाहीर केलं आणि सगळ्यांचे आभार मानले. गाडीत बसून तो निघूनही गेला. कुणी आरडाओरडा केला नाही. माणसं गळ्यातले मफलर नीट करत फाटकाकडे चालू लागली. काही म्हाताऱ्यांनी जाताना सबनीसांशी हात मिळवला. पाच वाजत आले होते.

आणि तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला एक पैठणी दिसली.

तिच्या मागे आणखी साड्या होत्या, इस्त्रीचे कुर्ते होते, बाबागाड्या होत्या. ईलिंगच्या श्यामलाताई होत्या. वेम्बलीचे शशी आणि मीनाक्षी सासूबाईंना व्हीलचेअरमधून घेऊन आले होते. एक मिनीबस थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. मंडळ आलं होतं. सबंध मंडळ आलं होतं, प्रत्येकाच्या हातात तिकीट होतं, आणि अत्तराचा वास फाटकापर्यंत पोचला होता. बाहेर पडणारे मफलरवाले थबकले, बाजूला झाले आणि त्यांनी वाट करून दिली.

सगळ्यांत पुढे यतीन आणि आसावरी होते. आसावरीच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"काका, फार उशीर नाही ना झाला? तीनचं बोलावणं, म्हटलं पाचपर्यंत सुरू होईल."

इतका वेळ ज्यांच्यावर सबनीस मनातल्या मनात चिडले होते, ती माणसं नटूनथटून समोर उभी होती. त्यातलं एकही खोटं बोललं नव्हतं. रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

कीथ पाठीमागे येऊन उभा राहिला होता. तो त्या रांगेकडे बघत राहिला आणि त्यानं टोपी काढली.

"दे केम, डॅन," तो म्हणाला.

"येस," सबनीस म्हणाले. "आय टोल्ड यू."

ते स्टुलावर जाऊन बसले. दार उघडं टाकलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी प्रत्येकाचं तिकीट हातात घेतलं, दांडा दाबला आणि एकेकाला आत सोडलं. व्हीलचेअरसाठी कीथनं बाजूचं फाटक उघडलं. स्टँडमध्ये लीलावतीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कोट उचलला, पर्स उचलली आणि त्या एकेकीला बसायला जागा दाखवू लागल्या. मैदान रिकामं होतं. बाकं भरत चालली होती.

"काका, सुरू कधी होणार?" आत जाता जाता आसावरीनं विचारलं.

"बसा," सबनीस म्हणाले. "आलात, बरं झालं."

मग त्यांना रडू आवरेना. मान खाली घालून ते तिकिटं घेत राहिले. पुढे कोण आहे ते आता दिसत नव्हतं. तरी प्रत्येक वेळी दार फिरलं, की ते म्हणत होते, "या. या."