नापास गाडी

“ताई, नळी त्या दुसऱ्या गाडीले लावा अन् फोटो या गाडीचा काढा. दोन मिनिटांचं काम हाय,” शोरूमचा विक्रम म्हणाला.

जरीपटक्यातल्या केंद्रात नीला रामटेके अकरा वर्षं गाड्यांचा धूर तपासत होती. समोरची डिझेल गाडी जेमतेम वर्षाची, तरी नापास. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची ही आठवड्यातली चौथी.

“काहून लावू? धूर या गाडीचा हाय ना?”

“नवी गाडी असा धूर सोडते का? तुमची मशीनच बिघडली असंन.”

“मशीन मागच्याच हप्त्यात तपासून झाली. गाडी नापास हाय. तसाच कागद भेटंल.”

पंधरा दिवसांत शोरूमकडून तिच्याविरुद्ध तक्रार गेली आणि केंद्राला टाळं लागलं. नीला सीताबर्डीतल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागली.

“एक सर्टिफिकेट देऊन देलं असतं तं काय बिघडलं असतं वं?” नवरा, अंकुश, एकदा वैतागून म्हणाला.

“तो धूर आपल्याच पोरीच्या नाकात जाते,” एवढंच ती बोलली.

पुढच्या महिन्यात अंकुशनेच पेपरात वाचलं, की त्याच कंपनीच्या धुरावरून चिन्मयी देशकर नावाच्या वकीलबाईंनी हायकोर्टात याचिका केली आहे. नीलाच्या तपासणीचे सगळे कागद पिशवीत घालून तो स्वतः त्यांच्याकडे गेला.

कंपनीचे वकील कोर्टात हसले. बारावी शिकलेल्या बाईने रस्त्याकडेला केलेली मोजणी, तिला पुरावा म्हणायचं? कोर्टाने चाळीस गाड्या प्रयोगशाळेत पाठवल्या. आकडे तेच आले.

निकालाच्या दिवशी नीला मागच्या बाकावर बसली होती. कंपनीने या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावून स्वखर्चाने दुरुस्त कराव्यात, केंद्राचं टाळं आजच काढावं, असं न्यायमूर्तींनी वाचलं. मग ते थांबले.

“श्रीमती रामटेके आल्या आहेत का?”

नीला उभी राहिली.

“तुमची तपासणी अचूक होती. निकालात तशी नोंद केली आहे.”

त्यांनी बसायची खूण केली आणि पुढचं पान उलटलं. चिन्मयीताई मागे वळून कुजबुजल्या, “बसा आता.”

“राहू द्या ताई. उभंच बरं वाटून राहिलं.”

निकालाचं वाचन आणखी वीस मिनिटं चाललं. नीला पदर नीट करून, हात न जोडता, शेवटपर्यंत उभी होती.