मानमोडीतून उठलेली

तिवसा गावात कोणाच्या घरी ताप शिरला की गंगूबाईला बोलावणं यायचं. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत तिचं सगळं माहेर गेलं होतं. त्या घरातून लहानगी ती तेवढी उठली. मानमोडीतून उठलेल्या माणसाला तो ताप पुन्हा धरत नाही, असा गावाचा समज होता. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, त्याला पाणी पाजायचं काम अशाच माणसाचं. गावात आता गंगूबाईच तशी उरली होती.

१९५७ च्या आषाढात घरोघर खोकला सुरू झाला. अंग मोडून येणारा ताप पाहून लोक म्हणाले, मानमोडी परत आली. गंगूबाई बुधाजी माळ्याच्या घरी जाऊन बसू लागली. तिच्या स्वतःच्या घरी सून वच्छला आठव्या महिन्यात होती.

शेजारच्या हरिहर मास्तरांनी तिला ओट्यावरच अडवलं.

"गंगूबाई, वच्छलेचे दिवस भरत आलेत. आजाऱ्याकडून उठून तिच्याजवळ जाऊ नका."

"काहून? मानमोडीनं मले एकदा सोडलं, मास्तर. आता कायले धरते?"

"ही ती मानमोडी नाही. पेपरात आलंय. कुळ एक आहे, पण जात निराळी." मास्तर वर्गात मुलांना सांगत तसे सावकाश बोलू लागले. "तुमच्या वावरात कपाशीच्या दोन जाती शेजारी लावल्या, तर लांबून झाडं सारखीच दिसतात ना? पण एक जात ओळखता आली म्हणून दुसरी ओळखता येतेच असं नाही. तापाच्या जंतूचंही तसंच. ज्या जंतूशी तुमचं अंग लढलं, त्याला ते ओळखतं. हा नवा आहे. याला तुमचं अंग ओळखत नाही."

गंगूबाई हसली. "तुमी पोराइले शिकवा. मले नोका शिकवू. तिकडं बुधाजी पान्यासाठी जीव टाकून राह्यला."

ती गेली. बुधाजी वाचला, आणि गावानं तिचेच गुण गायले.

मग एका सकाळी चुलीपुढे तिला खोकला आला. धुराचा असेल, असं तिला वाटलं. दुपारी पाय ठणकू लागले. वच्छला तेलाची वाटी घेऊन आली.

"आत्याबाई, सगळ्याइचं करता, मंग तुमचं कोन करन?"

ती संध्याकाळपर्यंत सासूचे पाय चोळत बसली. गंगूबाईनं तिला उठ म्हटलं नाही.

दोन दिवसांत वच्छला तापली. मास्तर आले, तेव्हा तिला धाप लागली होती आणि ओठ काळेनिळे पडले होते. गंगूबाईचा मुलगा रामराव यानं तिला बैलबंडीत घालून सडकेवर नेलं आणि तिथून मोटारीनं अमरावतीच्या इस्पितळात. गंगूबाईलाही जायचं होतं, पण तिला उभं राहवेना.

तिसऱ्या दिवशी रामराव एकटाच परतला. डॉक्टरांना पोटातलं मूलही वाचवता आलं नव्हतं. तो ओट्यावर बसला. आत जाऊन आईला सांगायचं त्याला जमेना; मास्तरांनीच दारातून सांगितलं. गंगूबाई रडली नाही. तिनं विचारलं, "मास्तर, हे मह्याकडूनच गेलं ना?"

मुलांच्या कोणत्याही प्रश्नाला मास्तर कधी खोटं उत्तर देत नसत. ते म्हणाले, "हो, बहुतेक."

इतक्यात रामरावची चार वर्षांची मुलगी जमुना आजी आजी करत अंगणातून धावत आली. गंगूबाई भिंतीला धरून उठली आणि तिनं आतून कडी घातली.

"आजी, उघड नं."

जमुनानं दार ढकलून पाहिलं.

"आजी, म्या काई केलं का?"

पोरगी दार वाजवत राहिली. आत गंगूबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. नातीला उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं, तर खोकला आला असता, आणि दाराच्या फटीतून तो ताप पोरीपर्यंत गेला असता. मास्तरांनी जमुनाला उचललं आणि आपल्या घरी नेलं. ती त्यांच्या खांद्यावरून त्या दाराकडे पाहत रडत होती.