हळदीचं ठिगळ

घोडबंदरच्या बाजूला खाडीवरच्या टेकडीवर फिरंग्यांनी बांधलेला बुरूज आहे. वरून वसईपलीकडचा समुद्र दिसतो म्हणून रविवारी ठाण्याची माणसं डबे घेऊन येतात आणि काय हा वारा, काय हा देखावा, करत बसतात. एकदा एका बाईने फोटोत येऊ नये म्हणून माझ्या जावेला, कलावतीला, बाजूला सरायला सांगितलं होतं. ती सरली. तिच्या जागी मी असते तर त्या बाईला दोन शब्द ऐकवले असते, पण कलावतीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

दिवाळीनंतरच्या त्या मोठ्या वादळात माझा थोरला दीर दौलत समुद्रात होता. डहाणूकडून कौलं आणायला गेलेला त्याचा मचवा परत आला नाही. माणूस नाही, प्रेत नाही, फळकूटसुद्धा नाही. आमच्या गावची रीत अशी, की पावसाआधी गावचे सगळे मचवे किनाऱ्यावर ओढून होईपर्यंत अशा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. तोवर नवरा जिवंत धरायचा. म्हणून सासू सखुबाई, कलावती आणि मी रोज बुरूज चढत होतो. माझा नवरा गिरणीत कामाला, संध्याकाळी सुखरूप घरी येणारा. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

सासू कलावतीशी बोलत नव्हती, तिच्या हातचं खातही नव्हती. कारण निघायच्या आदल्या दिवशी दौलतचं शीड फाटलं, घरात जाड कापड नव्हतं, आणि या वेडीने आपल्या हळदीच्या लुगड्याचा पदर कापून, चार घड्या घालून ठिगळ लावलं. गडी हसले. दौलत म्हणाला, बरं झालं, लांबूनच ओळखशील. वादळानंतर मात्र सासूने तेच धरून ठेवलं, की हळदीचं कापड वाऱ्यावर कोणी टांगतं का? मला तिचा राग यायचा. पण रडायला तिला दुसरी जागा नव्हती, हेही कळायचं.

ज्येष्ठ आला. गावचे मचवे ओढून, झावळ्यांनी झाकून झाले. सासूने गावच्या गोपीनाथ पाटलाच्या पाया पडून थोडी मुदत मागून घेतली होती, ती त्या संध्याकाळी संपत होती. आम्ही वर गेलो. ढग दाटले होते आणि समुद्र राखेसारखा दिसत होता.

शीड आधी कलावतीला दिसलं. ती उठून उभी राहिली. मग मलाही दिसलं. खाडीच्या तोंडातून एक मचवा आत येत होता आणि शिडाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळं ठिगळ होतं. उन्हाने विटलेलं, पण पिवळंच.

“आयला गो,” सासू म्हणाली, “माजा दौलत आयला.”

तिने कलावतीला छातीशी धरलं, सात महिन्यांत पहिल्यांदा. कनवटीची कुंकवाची पुडी काढून अंगठ्याने तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि तिची माफी मागितली. मला पुढे पिटाळलं, भात टाक म्हणून. मी उतारावरून धावत सुटले. आयुष्यात तेवढ्या सुखाने मी कधी धावले नाही.

भात टाकून मी बंदरावर पोचले तेव्हा मचवा लागत होता. सगळा गाव जमला होता. सुकाणूवर परका माणूस होता.

त्याने सगळं सरळ सांगितलं. त्याचं शीड वाटेत फाटलं, तेव्हा त्याने जवळचं जुनं चढवलं होतं. ते त्याला वादळानंतर किनाऱ्यावर सापडलं होतं, मोडक्या डोलकाठीला गुंडाळलेलं. आसपास माणूस नव्हता. कोणाचं असेल तर घ्या, म्हणाला. त्याला पावसाआधी घर गाठायचं होतं आणि दुसरं शीड त्याच्याकडे नव्हतं, तरी म्हणाला.

सासू चिखलात बसली. कलावती मचव्यावर चढली. ठिगळ हातात घेऊन तिने नीट पाहिलं. एका बाजूची शिवण उसवली होती.

“सुई हाय का?” तिने विचारलं.

त्याने शीड शिवायची सुई आणि दोरा दिला. ती तिथेच मांडी घालून बसली आणि उसवलेली बाजू शिवू लागली, घट्ट, टाका टाक्याला लावून. आम्ही उभे होतो. माझा भात करपत असणार हे मला कळत होतं, पण मी तिथून गेले नाही.

शिवून झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला. शीड त्याच्या हवाली केलं. “जा तू,” ती म्हणाली. “तुजी पन कोन वाट बगत आसंल.”

मग खाली उतरून ती सासूसमोर बसली. कपाळावरचं कुंकू अजून ताजं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “आता फोडा.”