ओहोटीतली गाळपेर

आबांना समुद्राचं काही कौतुक नव्हतं. त्यांना फक्त ती जागा बघायची होती, जिथं तीस साली लोकांनी इंग्रजांचा कायदा मोडून मीठ उचललं. त्यांचा आजा निजामाच्या तुरुंगात बसून आलेला, त्यामुळं सत्याग्रह म्हटलं की आबांच्या अंगात येतं. मायला मात्र डॉल्फिन बघायचे होते. मोबाईलवर बघितल्यापासून तिनं तेवढा हट्ट धरला होता, अन् उभ्या जन्मात तिनं केलेला मला तरी हा एकच हट्ट ठाऊक आहे. म्हणून मराठवाड्यातल्या आमच्या ईट गावाहून रात्रभर जीपमध्ये आंबून आम्ही तिघं एका दिवसासाठी कोकणात आलो.

पोचलो तेव्हा समुद्र स्मारकाच्या दगडापासून पार लांब सरकला होता. मधे नुसता ओला गाळ, अन् पलीकडं एक काळा खडक. आबांनी गाळ मुठीत घेऊन दाबून बघितला.

"लई झ्याक गाळपेर हुईल इथं," ते म्हणाले.

आमच्याकडं तलावाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात. उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय परत येत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. आबांनी तोच हिशेब समुद्राला लावला. मी शाळेत भरती-ओहोटी पाठ केली होती, पण परीक्षेपुरती.

"कस्तुरा, तू त्या खडकावर बस. तिथनं तुझे मासे जवळ दिसत्याल," असं म्हणून त्यांनी मायला हाताला धरून नेलं, भाकरीचं गाठोडं शेजारी ठेवलं अन् स्मारकाकडं परतले. थोड्या वेळानं पाण्यात दोन काळ्या पाठी वर आल्या. मायनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

इकडं पुण्याची एक सहल आली, अन् आबांना आयते ऐकणारे मिळाले. रझाकारांपासून सुरुवात झाली म्हणजे आता दुपार होणार, हे मी ओळखलं. सावली धरून, स्मारकाच्या भिंतीला टेकून मी डोळे मिटले.

जाग आली ती एका होडीवाल्याच्या ओरडण्यानं. "भरती लागलीय! खडकावर कोण आहे?"

मी वळून बघितलं. गाळ नव्हता. माय अन् आबा चालत गेले होते तिथं सगळं पाणीच पाणी, अन् खडकाचा नुसता माथा उरलेला. त्यावर माय उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"हर्षाली, अगं पाणी तर उतरलं हुतं," आबा मला म्हणाले. माझ्याशी भांडून ते खरं ठरणार होतं जणू. मग ते चपलांसकट पाण्यात शिरले. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, पहिल्याच लाटेनं आडवा केला. मी त्यांचा सदरा धरून मागं ओढत होते अन् मायला हाका मारत होते. तेवढ्यात मोठी लाट आली आणि खडक दिसेनासा झाला. मायही.

होडीवाल्यानं होडी तिथवर नेली अन् तिला दंडाला धरून वर ओढली.

वाळूवर आणून बसवली तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. आबा तिच्यापुढं गुडघे टेकून बसले.

"हाक का मारली न्हाईस?"

"मारली की. ऐकू जाईना, म्हून पदर हालवला. पाणी घोट्याला हुतं तवा. चालत आले असते."

"मग?"

"तुमी बघितलं माझ्याकडं. बोलता बोलता हात वर केला, थांब म्हणून."

आबांची मान खाली गेली. हे खरं होतं, ते मला त्यावरून कळलं.

माय पदर पिळत म्हणाली, "म्हून थांबले."