फुसोबाची तहान

मावशीच्या लॉन्ड्रीतली वाफेची इस्त्री फुस्स करायची, तेव्हा काउंटरवर बसलेली भाची झटकन पाय वर घ्यायची. इस्त्रीत फुसोबा राहतो, हात लावला की चावतो आणि पाणी पाजलं की मुकाट कामाला लागतो, ही मावशीची गोष्ट तिला तोंडपाठ होती. शाळा सुटल्यापासून आई ऑफिसातून येईपर्यंत दुकानात या दोघींचंच राज्य असे.

एका सुट्टीच्या दिवशी ताई लेकीला हाताला धरून धुमसतच दुकानात शिरली.

"तुझ्या लाडक्या भाचीनं माझ्या लॅपटॉपला पेलाभर पाणी पाजलं!"

"तो गरम झाला होता आणि फुस्स फुस्स करत होता," भाची म्हणाली. "तहान लागली होती त्याला."

मावशीला हसू आवरेना, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

"हस तू! काय एकेक थापा भरवतेस पोरीच्या डोक्यात! उद्यापासून ती पाळणाघरात जाणार."

मावशीचं हसू मावळलं. भाचीशिवायची दुपार म्हणजे नुसते लोकांचे चुरगळलेले सदरे. तिला रडूच आलं.

"थापा माझ्या नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "फुसोबा तुझाच. मी एवढीशी होते, तेव्हा तूच सांगितलास."

ताईला आठवलं आणि ती खुदकन हसली.

"अगं, आईच्या इस्त्रीला हात लावला होता मी. इस्त्री म्हणाली 'फुस्स', मी ओरडले 'ओ बाबा!' आणि तू ऐकलंस फुसोबा. 'कोण गं तो?' म्हणून पाठच सोडेनास. खरं सांगावं तर तू आईला सांगणार आणि माझी धडगत नव्हती, आणि काहीच नाही सांगावं तर तूही हात लावला असतास. मग दिली ठोकून गोष्ट."

"म्हणजे तू पाहिलंयस त्याला?" भाचीचे डोळे विस्फारले.

ताईने बाही वर सारून मनगटावरचा जुना डाग दाखवला. भाचीने त्यावर बोट फिरवलं. मग मावशीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. सगळा जन्म इस्त्रीत गेला, पण त्यांवर डाग म्हणून नव्हता.

"तुला नाही चावला?"

"मला गोष्ट माहीत होती ना," मावशी ताईकडे बघत म्हणाली.

ताईने नाक ओढलं. "बरं, उद्या शाळेतून इकडेच ये. पण एक लक्षात ठेव. लॅपटॉपमधल्या फुसोबाला पाणी चालत नाही. त्याला सर्दी होते."

"मग त्याला काय द्यायचं?"

दोघी बहिणी एकमेकींकडे बघू लागल्या. गोष्ट अजून तिथवर आलीच नव्हती.